शेरलॉक होम्स लढाईवर

घरातून बाहेर पडताना शेरलॉक होम्सचा हात सवयीनं त्या प्रसिद्ध टोपीकडे जातो, पुढं-मागं झापडं असलेल्या शिकारी टोपीकडे. डॉ. वॉटसन लगेच हटकतो आणि दिलेल्या शब्दाची आठवण करून देतो. होम्स मुकाट्यानं ती टोपी सोडतो आणि एक साधी फेल्ट हॅट डोक्यावर चढवतो. साल १८९५ नाही, १९४२ आहे. होम्स निघालाय तो लंडनच्या गोदी भागात, नाझी घातपात्यांच्या मागावर.

या चित्रपटाचं नाव ‘शेरलॉक होम्स अँड द व्हॉइस ऑफ टेरर’. सुरुवातीलाच पडद्यावर एक मजकूर येतो. होम्स हा काळाच्या पलीकडचा माणूस आहे, तो कधी बदलत नाही आणि हरत नाही, म्हणून आजचे प्रश्नही तो सोडवू शकतो, असा त्याचा आशय. ही चलाखी मला मनापासून आवडते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला माणूस हिटलरच्या काळात आणायचा, तर एखादं काळयंत्र, एखादा नातू, गेला बाजार एखादं स्वप्न तरी लागलं असतं. युनिव्हर्सल कंपनीनं दोन-चार ओळींत काम उरकलं. मालिका पुढं चार वर्षं आणि बारा चित्रपट चालली, त्यावरून प्रेक्षकांनीही ते फारसं मनाला लावून घेतलेलं दिसत नाही.

तसा हा होम्स प्रेक्षकांच्या ओळखीचाच होता. बेसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस या जोडीनं १९३९ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससाठी दोन चित्रपट केले होते. पहिला ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’, दुसरा ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ शेरलॉक होम्स’. दोन्हींत धुकं, घोडागाड्या, गॅसचे दिवे, सगळा जुना थाट होता. दुसरा चित्रपट आला तो सप्टेंबर १९३९ मध्ये, म्हणजे युरोपात युद्धाला तोंड फुटलं त्याच महिन्यात. फॉक्सनं पुढं या वाटेला जायचं सोडून दिलं. हीच जोडी मग अमेरिकन रेडिओवर दर आठवड्याला होम्स-वॉटसन म्हणून ऐकू येऊ लागली, आणि १९४२ मध्ये युनिव्हर्सलनं कॉनन डॉइलच्या वारसांकडून हक्क घेऊन दोघांना पुन्हा पडद्यावर आणलं. ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढून नाव कमावलेली ही कंपनी काटकसरीत पटाईत होती. एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायची तेव्हा रीत होती, त्यातला दुसरा, कमी खर्चाचा, तासा-सव्वातासाचा चित्रपट म्हणजे हे होम्सपट. आजच्या काळात गोष्ट घडवली की घोडागाड्या नकोत, जुने पोशाख नकोत. देशभक्ती आणि बचत अशी एकाच वेळी साधली.

रॅथबोनच्या बाबतीत तर होम्सला हेर करणं ही नुसती नटाच्या सोंगाची गोष्ट नव्हती. पहिल्या महायुद्धात तो लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीत गुप्तवार्ता अधिकारी होता. शत्रूच्या खंदकांची टेहळणी सगळे रात्री करायचे. यानं ती दिवसाढवळ्या करायचं ठरवलं. अंगावर झाडपाला लावून, झाड बनून तो आणि त्याचे सोबती दोन फळ्यांमधल्या उजाड पट्ट्यातून सरपटत पुढं जात. या कामगिरीबद्दल त्याला ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला. त्याच वर्षी, १९१८ मध्ये, त्याचा धाकटा भाऊ जॉन लढाईत मारला गेला. नायजेल ब्रूसनंही त्याच युद्धात पायावर गोळ्या झेलल्या होत्या आणि मग बराच काळ तो इस्पितळात पडून होता. पडद्यावर वॉटसन म्हणून गडबडणारा, धांदरट वाटणारा हा गृहस्थ प्रत्यक्षात जखमी सैनिक होता. डॉइलच्या मूळ कथेतला वॉटसनही अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत जखमी होऊन परतलेला लष्करी डॉक्टरच. चित्रपटवाल्यांनी मात्र त्याचं जवळजवळ विदूषकात रूपांतर केलं. ते मला कधी रुचलं नाही.

होम्सला युद्धावर धाडण्याची कल्पना हॉलिवूडची नव्हती, ही गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. १९१६ मध्ये कॉनन डॉइल फ्रान्सच्या आघाडीला भेट द्यायला गेला, तेव्हा एका फ्रेंच सेनापतीनं त्याला गंभीरपणे विचारलं, तुमचा शेरलॉक होम्स इंग्रजांच्या सैन्यात आहे की नाही? डॉइल गडबडला आणि होम्सचं वय झालंय, असं काहीतरी सांगून सुटला. पण प्रश्न त्याच्या मनात राहिला असावा. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९१७ च्या ‘स्ट्रँड’ मासिकात ‘हिज लास्ट बाउ’ ही कथा आली. तिचं उपशीर्षकच होतं होम्सच्या युद्धसेवेबद्दलचं. कथा घडते २ ऑगस्ट १९१४ च्या संध्याकाळी, इंग्लंड युद्धात उतरण्याच्या दोन दिवस आधी. निवृत्त होऊन ससेक्समध्ये मधमाश्या पाळणारा होम्स आयरिश-अमेरिकन माणसाचं सोंग घेऊन फॉन बोर्क या जर्मन हेराच्या विश्वासात शिरलेला असतो. नौदलाची गुप्त संकेतवही म्हणून तो हेराच्या हातात पुडकं ठेवतो. आत निघतं मधमाशीपालनावरचं होम्सचं स्वतःचं पुस्तक.

ही कथा वाचताना एक गोष्ट जाणवते. तिच्यात रहस्य असं नाहीच. कुणी काय केलं, हा प्रश्न उरत नाही. फक्त कोण कुणाला बनवतो, एवढंच पाहायचं. आणि कथा वॉटसन सांगत नाही, तिऱ्हाईत निवेदक सांगतो. वॉटसनला सांगता येण्याजोगं तिथं काही राहिलेलंच नाही. ‘द नेव्हल ट्रीटी’ किंवा ‘द ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स’ या आधीच्या कथांतही सरकारी कागद चोरीला जातात, परदेशी हस्तक येतात. पण तिथं गुन्हा घडून गेलेला असतो आणि होम्स मागं मागं जात त्याचा छडा लावतो. पाणबुडीचे आराखडे खिशात घेऊन मेलेला तरुण रेल्वेरुळाजवळ सापडला, पण त्याच्याकडे तिकीट का नाही? रक्त इतकं कमी का? हे प्रश्न म्हणजे होम्सची खरी भाकरी.

डिटेक्टिव्ह कथा भूतकाळाकडे पाहते. गुन्हा झालेला आहे, संशयित ठरलेले आहेत, त्यातला एक दोषी, बाकीचे सुटले. घर पुन्हा घरासारखं. हेरकथेचं तोंड भविष्याकडे असतं. काहीतरी भयंकर होणार आहे आणि ते थांबवायचं आहे. दोषी कोण, हे पहिल्या मिनिटाला माहीत असतं: शत्रू. आणि शत्रू एक नसतो, त्याला पकडून घर पूर्ववत होत नाही, कारण बाहेर युद्ध चालूच असतं. होम्सचं सगळं बळ मागं वळून पाहण्यात. त्याला पुढं पळायला लावलं की तो उंच, देखणा, पिस्तूलवाला असा कुणीही नायक होऊन जातो. युनिव्हर्सलच्या पहिल्या तीन चित्रपटांत ही ओढाताण सतत दिसते. मात्र काही जागी ती इतकी छान सुटली आहे, की हे चित्रपट आजही पाहावेसे वाटतात.

पहिला ‘व्हॉइस ऑफ टेरर’. रेडिओवर एक जर्मन आवाज येतो आणि आता कुठं काय उडणार, कुठं आग लागणार हे सांगतो. आणि तसंच घडतं. १९४२ च्या प्रेक्षकाला ही कल्पना अंगावर काटा आणणारी होती, कारण असा आवाज खरंच होता. विल्यम जॉइस नावाचा इसम जर्मनीतून इंग्रजीत प्रचार करायचा. ब्रिटनमध्ये त्याला ‘लॉर्ड हॉ-हॉ’ म्हणत. लोक त्याची टिंगल करत आणि चोरून ऐकतही. १९४० च्या सुमारास ब्रिटनभर एक अफवा पसरली, की आमच्या गावच्या टाउन हॉलचं घड्याळ दहा मिनिटं मागं आहे, हे हॉ-हॉनं रेडिओवर सांगितलं. म्हणजे गावात त्याचे हेर आहेत! गाव बदललं की घड्याळही बदलायचं. वास्तविक असं काही प्रसारितच झालेलं नव्हतं. सरकारला तसा खुलासा करावा लागला, पण लोकांना तो पटला नाही. ज्या आवाजाला सगळं ठाऊक आहे, त्याची भीती काही खुलाशानं जात नाही. जॉइसला पुढं देशद्रोहाबद्दल ३ जानेवारी १९४६ रोजी लंडनमध्ये फाशी झाली.

चित्रपट नेमकी हीच भीती उचलतो आणि तिचं कोडं करतो. होम्स त्या प्रसारणाच्या ध्वनिलहरी यंत्राच्या पडद्यावर तपासतो आणि सांगतो, हा माणूस आत्ता बोलत नाही. हे आधी मुद्रित करून ठेवलेलं आहे, तबकडी वाजते आहे. बस्स, एवढ्यानं त्या आवाजातलं भूत निघून जातं. सर्वज्ञ वाटणारा तो राक्षस म्हणजे कुणीतरी कुठंतरी केलेली एक रेकॉर्ड. आणि रेकॉर्ड आहे, म्हणजे ती करणारा आहे, नेणारा आहे, पत्ता आहे. इथं होम्स पुन्हा होम्स होतो. माझ्या मते या तिन्ही चित्रपटांतला हा सर्वांत होम्ससारखा क्षण, आणि गंमत म्हणजे डॉइलच्या कुठल्याच कथेत तो नाही.

शेवटी गुन्हेगार निघतो तो गुप्तचर खात्याच्या मंडळातलाच बडा सरदार. पहिल्या महायुद्धात कैद झालेला खरा इंग्रज सरदार कधीच मारला गेला आणि त्याच्यासारखा दिसणारा जर्मन त्याच्या जागी इतकी वर्षं वावरत होता, असा खुलासा. पटण्यासारखा मुळीच नाही. पण त्यात एक धोरण आहे. वरच्या वर्गातला इंग्रज फितूर दाखवायचा नाही. फितूर निघालाच, तर तो मुळात इंग्रज नव्हताच. दुसऱ्या टोकाला गोदीतल्या दारूअड्ड्यावरची किटी नावाची मुलगी आहे. तिच्या माणसाचा खून झालेला असतो. होम्स तिला मदत मागतो आणि ती त्या भुरट्या, पोलिसांपासून पळणाऱ्या लोकांपुढं उभी राहून त्यांना देशासाठी कामाला लावते. शेवटी जीव जातो तोही तिचाच. सरदारापेक्षा हे लोक कितीतरी खरे वाटतात. पटकथाकारांपैकी लिन रिग्ज हा रंगभूमीवरचा मोठा लेखक. ज्याच्या नाटकावरून पुढं ‘ओक्लाहोमा!’ ही गाजलेली संगीतिका झाली, तोच हा.

दुसरा चित्रपट ‘शेरलॉक होम्स अँड द सीक्रेट वेपन’. इथून दिग्दर्शक आला रॉय विल्यम नील, आणि उरलेले सगळे, म्हणजे अकराच्या अकरा चित्रपट त्यानंच केले. विषय होता विमानातून बॉम्ब नेमका टाकण्याचं यंत्र. हाही विषय त्या वेळच्या बातम्यांतूनच उचललेला. अमेरिकेच्या ‘नॉर्डन’ बॉम्बसाइटची माहिती कारखान्यातल्या हर्मन लांग नावाच्या माणसानं जर्मनीला पोचवली होती आणि १९४१ मध्ये एफबीआयनं पकडलेल्या ड्यूकेन टोळीच्या ३३ जणांत तो होता. चित्रपटात स्विस शास्त्रज्ञ डॉ. टोबेल असं यंत्र बनवतो, त्याचे भाग वेगवेगळ्या शास्त्रज्ञांकडे ठेवतो आणि त्यांची नावं सांकेतिक लिपीत लिहून ठेवतो. लिपी कुठली? डॉइलच्या ‘द डान्सिंग मेन’मधली, नाचणाऱ्या माणसांच्या चित्रांची.

१९०३ च्या त्या कथेत नॉरफोकमधल्या एका शांत घराच्या खिडकीवर, दारावर खडूनं काढलेली ती इवलीशी माणसं दिसायला लागतात आणि घरातली बायको पांढरीफटक पडते. होम्स इंग्रजीत सर्वांत जास्त येणारं अक्षर कुठलं, तिथपासून सुरू करून लिपी उलगडतो. पण तो पोचेपर्यंत नवऱ्याचा खून झालेला असतो. तिथं प्रत्येक आकृतीमागं त्या बाईचा शिकागोतला, लपवलेला भूतकाळ आहे. चित्रपटात त्याच आकृत्यांमागं आहेत फक्त नावं. लिपी तीच, पण आतला जीव काढून घेतलेला. तरी नीलनं एक जागा राखली आहे. संकेताचा कागद शत्रूनं पळवला, तर होम्स त्या वहीचं खालचं कोरं पान घेतो. पेन्सिलीच्या दाबानं उठलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या खुणा तो रसायन आणि प्रकाश वापरून वर आणतो. बाहेर लंडनवर बॉम्ब पडताहेत, आणि आपण श्वास रोखून पाहतो आहोत ते एक कोरं पान. होम्सचा चित्रपट असाच हवा.

या चित्रपटात नाझींपेक्षा मोठा खलनायक होम्सचा जुना वैरी प्राध्यापक मोरिआर्टी आहे, जो ते यंत्र नाझींना विकायला निघालाय. शत्रू म्हणून एक अख्खा देश होम्सपुढं उभा केला तर तो होम्सला पेलत नाही. मोरिआर्टी पेलतो, कारण तो एक माणूस आहे, आणि बुद्धीचा गर्विष्ठ आहे. होम्स हाती लागल्यावर त्याला कसं मारावं, याचा तो विचार करतो, तेव्हा होम्सच त्याच्या अहंकाराला डिवचून सावकाश मारण्याची पद्धत सुचवतो: थेंब थेंब रक्त काढून. वेळ काढायचा, एवढंच त्यामागं. डॉ. टोबेलच्या प्रेयसीची भूमिका केली आहे कारेन व्हेर्ननं. ती मूळची बर्लिनची, नाझींच्या राजवटीतून बाहेर पडलेली.

तिसरा ‘शेरलॉक होम्स इन वॉशिंग्टन’, १९४३ चा. यात डॉइलची कुठलीच कथा नाही. गोष्ट सबंध नवी, बर्ट्राम मिलहाउझरची. वॉटसन अमेरिकेत जाऊन च्युइंगगम चघळतो आणि कॉमिक्स वाचतो, त्यावर पाच मिनिटं खर्ची पडली आहेत. रहस्य म्हणाल तर जवळजवळ नाही. महत्त्वाचा गुप्त दस्तऐवज सूक्ष्मफिल्मवर उतरवून आगकाड्यांच्या एका पाकिटात दडवला आहे, हे आपल्याला लवकरच कळतं. तो नेणारा ब्रिटिश हस्तक आगगाडीत शत्रूच्या हाती सापडतो. पण त्याआधी ते पाकीट त्यानं शेजारच्या एका अनोळखी तरुणीच्या हाती सरकवलेलं असतं.

आणि मग येतो तो मेजवानीचा प्रसंग. तरुणीच्या साखरपुड्याची पार्टी चालू आहे, आणि ते पाकीट हातोहात फिरतं. कुणी सिगारेट पेटवतो, कुणी दुसऱ्याला देतो, ट्रेवरून खिशात, खिशातून टेबलावर. एकेक काडी कमी होते आहे. साम्राज्याचं भवितव्य ज्यात आहे ती वस्तू सगळ्यांच्या हातात आहे आणि कुणालाच ठाऊक नाही. पुढं ते पाकीट खुद्द जर्मन हेरांच्या म्होरक्याच्या हातात जातं. तो त्यातल्या काडीनं सिगारेट शिलगावतो आणि होम्सला धमकावत विचारतो, तो कागद कुठं आहे? होम्स शांतपणे सांगतो, की तो ज्याच्याजवळ आहे त्यालाच ते माहीत नाही. एडगर ॲलन पोनं ‘द पर्लॉइन्ड लेटर’मध्ये १८४४ साली जी युक्ती केली, की सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवलेली वस्तू कुणालाच दिसत नाही, तीच ही. पण त्यात युद्धकाळाचा एक पदर आहे. त्याच काळात अमेरिकन सैनिकांची घरची पत्रं ‘व्ही-मेल’नं जात, म्हणजे पत्राचा फोटो सूक्ष्मफिल्मवर घ्यायचा, फिल्म विमानानं पाठवायची आणि पोचल्यावर पुन्हा कागदावर उतरवायची. ३७ पोती पत्रं अशी एका पोत्यात मावत. थिएटरमध्ये बसलेल्या कित्येक बायकांच्या पर्समध्ये नवऱ्याचं असलं पत्र असणार. त्यांना आगकाडीच्या पाकिटातला दस्तऐवज अशक्य वाटण्याचं कारण नव्हतं.

पडद्यावरच्या डिटेक्टिव्हांत होम्स काही एकटाच युद्धावर गेला नाही. १९४२ मध्ये एलरी क्वीन शत्रूच्या हस्तकांशी झुंजला. ‘फाल्कन’ मालिकेत जॉर्ज सँडर्सचा नायक नाझींच्या कटातून एका परदेशी मुत्सद्द्याला वाचवताना मारला गेला आणि त्याची जागा घेतली त्याच्या भावानं. ती भूमिका सँडर्सच्या सख्ख्या भावानं, टॉम कॉनवेनं केली. कंटाळलेल्या नटाला मोकळं करायची याहून सुबक सोय हॉलिवूडला क्वचितच सुचली असेल. होनोलुलूचा चार्ली चान १९४४ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन सरकारी हस्तक झाला. ‘द माल्टीज फाल्कन’चा दिग्दर्शक जॉन हस्टन आणि त्यातले बोगार्ट, मेरी ॲस्टर, ग्रीनस्ट्रीट यांना घेऊन ‘अक्रॉस द पॅसिफिक’ निघाला. त्यात जपानी हेरांचा डाव होता पर्ल हार्बरवर हल्ला करण्याचा. तो हल्ला खरोखरच झाल्यावर पटकथेतलं ठिकाण बदलून पनामा कालवा करावं लागलं. फार काय, टारझनदेखील १९४३ मध्ये नाझींविरुद्ध उभा राहिला. या गर्दीतून एकच डिटेक्टिव्ह बाहेर पडला होता, जपानी मिस्टर मोटो. पीटर लॉरेनं १९३७ ते १९३९ मध्ये त्याचे आठ चित्रपट केले होते. पर्ल हार्बरनंतर जपानी नायकाला पडद्यावर जागा उरली नव्हती.

जून १९४२ मध्ये अमेरिकन सरकारनं युद्ध माहिती कार्यालय काढलं. हॉलिवूडच्या निर्मात्यांना त्यानं एक माहितीपुस्तिका दिली, आणि प्रत्येक चित्रपटाबद्दल स्वतःला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत पहिला होता, की यानं युद्ध जिंकायला मदत होईल का. या कार्यालयाचा प्रमुख होता पत्रकार एल्मर डेव्हिस. तोच डेव्हिस न्यूयॉर्कच्या ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ या होम्सभक्तांच्या मंडळाचा जुना सभासद. मंडळाची गमतीदार घटना १९३४ मध्ये त्यानंच लिहिली होती. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टही त्या मंडळाचे मानद सभासद. वॉशिंग्टनमध्ये होम्सची वट होती, एवढं नक्की.

लंडनमध्ये तर पत्ताच जुळला. शत्रूच्या मुलखात घातपात घडवण्यासाठी चर्चिल सरकारनं जुलै १९४० मध्ये ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ ही गुप्त संस्था उभी केली, आणि तिचं मुख्यालय आलं ६४, बेकर स्ट्रीटवर. आतली माणसं स्वतःला गमतीनं ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ म्हणवून घेत, होम्ससाठी बातम्या काढणाऱ्या रस्त्यावरच्या पोरांच्या टोळीचं नाव. हॉलिवूडनं होम्सला हेर केलं, तेव्हा त्याच्या रस्त्यावर खरे हेर आधीच राहायला आले होते. प्रेक्षकांना याचा पत्ता असण्याचा प्रश्नच नव्हता, सगळं गुप्त.

या बेकर स्ट्रीटचे हात आपल्या मुरगाव बंदरापर्यंत पोचले होते. युद्ध सुरू होताच ‘एहरेनफेल्स’ नावाचं जर्मन मालवाहू जहाज मुरगावात येऊन थांबलं. गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल, पोर्तुगाल तटस्थ. ब्रिटिशांना तिथं उघड हात लावता येत नव्हता. अरबी समुद्रातली दोस्तांची जहाजं पाणबुड्या टिपू लागल्या, आणि जहाजांच्या हालचाली या ‘एहरेनफेल्स’वरच्या गुप्त ट्रान्समीटरवरून कळवल्या जातात, असा संशय बळावला. मग याच संस्थेच्या हिंदुस्थानातल्या शाखेनं कामासाठी कोण निवडलं? कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळातले, पोट सुटलेले, मध्यमवयीन गोरे व्यापारी आणि चहामळेवाले. गणवेश नाही, हुद्दा नाही. पकडले गेले तर सरकार ओळख देणार नाही. ही मंडळी कोचीनहून एका गाळ वाहणाऱ्या कूर्मगती बार्जमधून आली आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी जहाजावर चढाई केली. कप्तान मारला गेला, ‘एहरेनफेल्स’ बुडालं, आणि शेजारच्या जहाजांवरच्या खलाशांनी आपली जहाजं स्वतःच पेटवून दिली. पस्तीस वर्षं ही हकीकत दडून राहिली. १९७८ मध्ये जेम्स लीझरनं तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि १९८० मध्ये ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन यांना घेऊन ‘द सी वुल्व्ज’ निघाला, तोही प्रत्यक्ष गोव्यात चित्रित झालेला. होम्स वॉशिंग्टनमध्ये आगकाड्यांचं पाकीट शोधत पडद्यावर आला, तो या रात्रीनंतर दीड-दोन महिन्यांनी. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या, तर बनावट कुठली हे सांगणं अवघड जावं.

१९४३ च्या उत्तरार्धात युनिव्हर्सलनं मोहरा वळवला. चौथ्या ‘शेरलॉक होम्स फेसेस डेथ’मध्ये होम्स जुन्या वाड्यात परतला. मूळ कथा ‘द मसग्रेव्ह रिच्युअल’ची, पण वाड्यात आता युद्धात मन खचलेल्या अधिकाऱ्यांचं शुश्रूषालय आहे आणि वॉटसन तिथं डॉक्टर म्हणून मदत करतो. युद्ध आहे, पण ते माणसांच्या थरथरत्या हातांत. मला हे आधीच्या तिन्ही चित्रपटांपेक्षा उजवं वाटतं. पहिल्या तीन चित्रपटांतले रॅथबोनचे पुढं विंचरलेले, वाऱ्यानं उडाल्यासारखे केसही इथं नीट मागं बसले. हेर गेले, केशरचनाही गेली.

पुढच्या ‘स्पायडर वुमन’मध्ये युद्ध उरलं ते एका जत्रेतल्या नेमबाजीच्या स्टॉलपुरतं. लक्ष्य म्हणून हिटलर, मुसोलिनी वगैरेंचे पुतळे फिरताहेत. खलनायिकेनं होम्सला तोंड बांधून नेमका हिटलरच्या पुतळ्यामागं जखडून ठेवलं आहे, हृदयाच्या जागी भोक. आणि समोर बंदूक हातात घेऊन आलाय कोण, तर वॉटसन. बिचारा देशभक्तीच्या भरात हिटलरच्या काळजाचा नेम धरतो. तीन अख्खे चित्रपट जे नीट जमलं नाही ते या दोन मिनिटांत जमलं आहे: युद्धाचा संताप, होम्सचा जीव आणि वॉटसनचा वेंधळेपणा, तिन्ही एकाच नेमावर.

१९४४ चा ‘द स्कार्लेट क्लॉ’ कॅनडातल्या दलदलीत घडतो; अखेरीस होम्स चर्चिलचे उद्गार उद्धृत करतो तेवढंच काय ते युद्ध.

शेवटचा चित्रपट ‘ड्रेस्ड टु किल’, १९४६ चा. युद्ध संपलेलं आहे. बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांचे चोरलेले ठसे कुठं लपवलेत, याचा ठावठिकाणा तुरुंगात बनवलेल्या तीन संगीत-पेट्यांच्या सुरांत दडवला आहे. आगकाड्यांच्या पाकिटाचीच ही पुढची आवृत्ती. आणि या चित्रपटातली खलनायिका हेर नाही, ती वाचक आहे. ‘स्ट्रँड’ मासिकात वॉटसननं लिहिलेली ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ तिनं वाचली आहे. आग लागली की माणूस सर्वांत मोलाच्या वस्तूकडे धावतो, हे १८९१ च्या त्या कथेत होम्सनं सिद्ध केलेलं सूत्र ती बेकर स्ट्रीटच्या त्याच खोलीत वापरते. खोलीत धूर होतो, वॉटसन धावतो ते थेट संगीत-पेटी ठेवली आहे तिथं, आणि बाई पेटी घेऊन पसार होते.